जुन्या डेस्कटॉपचा बायोस उघडत नाही: सेल काढावा की आधी काही तपासावे?

पार्लेकर:
नमस्कार. विलेपार्ले पूर्वेतील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात २००९ साली लॅमिंग्टन रोडवरून भाग जुळवून घेतलेला एक डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, इंटेल जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम आणि ३२ बिटांची विंडोज ७. देखभाल शुल्काच्या पावत्या ज्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात, तो पॅरलल पोर्टला जोडलेला आहे आणि आजकालच्या संगणकांना तो पोर्ट सहसा नसतो. त्यामुळे संगणक बदलण्याऐवजी त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी, असा ठराव समितीने केला. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला असल्याने हे काम आता टाळता येण्यासारखे नाही.

लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार आहे. अडचण अशी की बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डवरील मूळ कार्यक्रम आणि त्याची सेटिंग्जची पाने, उघडतच नाही. सुरू करताना डिलीट, एफ२, एफ१०, एफ१२ या सर्व कळा दाबून पाहिल्या, पण संगणक सरळ विंडोजमध्ये जातो. पडदा विंडोजचे चिन्ह येईपर्यंत काळाच असतो. बायोसमध्ये शिरण्याची खात्रीची पद्धत कोणती? एका सभासदाने मदरबोर्डवरील सेल काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का?

नवशिकी:
माझ्या संगणकावर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक केले की निळा पडदा येतो, आणि त्यातील ट्रबलशूट या पर्यायातून थेट बायोसमध्ये जाता येते. आपण हे करून पाहिले आहे का?

निवृत्त_अभियंता:
नवशिकीताई, आपण सांगितलेली वाट विंडोज ८ पासून पुढे आहे, आणि तीही संगणक यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तरच. पार्लेकरांच्या संगणकात जुन्या पद्धतीचा बायोस आहे. अशा संगणकावर विंडोज १० बसवले तरी त्या निळ्या पडद्यावर 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' हा पर्याय दिसत नाही, कारण चालू असलेल्या विंडोजकडून बायोसला 'पुढच्या वेळी सेटअप उघड' असा निरोप देण्याची सोयच जुन्या रचनेत नव्हती. तिथे कळ वेळेवर दाबणे हाच राजमार्ग आहे. ही कळ त्या काळच्या जुळवून घेतलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर डिलीट असते. तयार डेस्कटॉपांत डेलची एफ२, एचपीची एफ१० आणि लेनोव्होची एफ१ अशी सर्वसाधारण वाटणी आहे.

चहाबाज:
सर्व कळा एकदमच दाबण्याची एक पद्धत आमच्या कार्यालयात प्रचलित आहे. तिने बायोस आजवर उघडलेला नाही, परंतु कीबोर्डच्या फटींत अडकलेला फरसाणाचा चुरा मात्र बराच बाहेर आला आहे.

दुरुस्तीवाला_ग्रँटरोड:
पार्लेकर साहेब, एवढा विचार करू नका. वीजपुरवठा बंद करून केबल काढा, सीआर २०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि सेल परत बसवा. सेल जुनाच असेल तर नवा घाला. सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग्ज साठवणारी, सेलवर टिकणारी छोटी मेमरी. ती पुसणारा क्लिअर सीमॉसचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर सेल काढण्याचीही गरज नाही. तीन पिनांपैकी १-२ वरची टोपी काही सेकंद २-३ वर ठेवायची आणि परत जागेवर आणायची. बायोस मूळ स्थितीत येतो आणि निम्मी दुखणी तिथेच संपतात. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या यंत्रांवर आम्ही प्रथम हेच करतो.

मुलुंडवासी:
दुरुस्तीवाला यांच्या अनुभवाचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. दुकानात हा उपाय प्रथम करणे परवडते, कारण तिथे हाताशी दुसरा कीबोर्ड, दुसरा मॉनिटर आणि सुटे भाग असतात. संस्थेच्या कार्यालयात यांपैकी काहीच नसते.

दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की सीमॉस पुसल्याने बायोस कारखान्यातील मूळ मांडणीवर येतो, म्हणजे दोष मूळ मांडणीतच असेल तर पुसण्याने काहीच बदलत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. सीमॉस पुसल्यानंतर अनेक जुने बोर्ड पुढच्या सुरुवातीला 'सीमॉस चेकसम एरर' असा संदेश दाखवून थांबतात आणि एफ१ किंवा डिलीट दाबण्याची वाट पाहतात. बायोसला कीबोर्डच ओळखता येत नसेल, तर आज निदान विंडोजपर्यंत जाणारा संगणक उद्या तिथेही पोहोचणार नाही, आणि पडदा काळा असल्यामुळे तो कुठे थांबला आहे हेही कळणार नाही. पावत्यांच्या तारखा जवळ असतील तर हा धोका पत्करू नये.

दुरुस्तीवाला_ग्रँटरोड:
मुलुंडवासींचा दुसरा मुद्दा मान्य आहे. मात्र पीएस/टू, म्हणजे यूएसबीपूर्वीच्या गोल पिनेचा कीबोर्ड लावून केले तर ती भीती उरत नाही.

शंकासुर:
मला अद्याप कोणी न विचारलेले प्रश्न विचारायचे आहेत. कीबोर्ड कोणत्या प्रकारचा आहे? मॉनिटर कोणत्या केबलने जोडला आहे? या दोन्ही वस्तू २००९ च्याच आहेत की नंतर बदलल्या? संगणक सुरू होताना बीप असा आवाज येतो का? आणि रात्री कार्यालय बंद करताना मुख्य स्विच बंद करता का?

पार्लेकर:
शंकासुर, उत्तरे पुढीलप्रमाणे. मूळ कीबोर्डची अक्षरे पुसली गेल्याने गेल्या वर्षी बिनतारी कीबोर्ड घेतला. त्याचा डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टला आहे. मॉनिटरही तेव्हाच बदलला. त्याला फक्त एचडीएमआय आहे आणि मदरबोर्डला फक्त व्हीजीए, म्हणून मध्ये रूपांतर करणारा अडॅप्टर लावला आहे. बीप एकदा, अगदी लहान ऐकू येतो. मुख्य स्विच रोज रात्री बंद होतो, तसा समितीचा नियमच आहे.

शंकासुर:
मग आपल्यापुढे एक नव्हे, दोन स्वतंत्र अडचणी असण्याची शक्यता आहे, आणि त्या एकमेकींना झाकत आहेत.

बीप लहान आणि एकदाच येतो, याचा अर्थ बहुतेक बायोसांत असा होतो की सुरुवातीची स्वतःची तपासणी निर्विघ्न पार पडली. म्हणजे यंत्र ठीक आहे. प्रश्न एवढाच उरतो की यंत्र आपले ऐकत नाही, की यंत्र जे दाखवते ते आपल्याला दिसत नाही. हे दोन्ही वेगवेगळे तपासल्याशिवाय सेलला हात लावू नये.

ऐकण्याबाबत: जुन्या अवॉर्ड या कंपनीच्या बायोसमध्ये 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' या पानावर 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' असा पर्याय असतो. तो 'डिसेबल्ड' असेल तर विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर चढवेपर्यंत यूएसबीवरील कीबोर्ड मुका राहतो. म्हणूनच विंडोजमध्ये तो उत्तम चालतो आणि त्याआधी दाबलेल्या कळा कोणाच्याही कानावर जात नाहीत. अनेक जुन्या बोर्डांत हा पर्याय कारखान्यातूनच बंद असतो, आणि मुलुंडवासींनी मांडलेला पहिला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो.

दिसण्याबाबत: बायोसचे अक्षरी पडदे ७२० बाय ४०० या जुन्या मजकूर-मोडमध्ये, सेकंदाला ७० वेळा ताजे होणारे असतात. व्हीजीए ते एचडीएमआय करणारे अनेक स्वस्त अडॅप्टर, तसेच काही नवे मॉनिटर आणि टीव्ही, हा मोड ओळखत नाहीत आणि काळा पडदा दाखवतात. विंडोज ७ चे चिन्ह ग्राफिक मोडमध्ये येते, तेव्हा चित्र अचानक प्रकट होते. आपण सांगितलेले लक्षण नेमके हेच आहे.

काळी_स्क्रीन:
शंकासुर यांना दुजोरा देतो. माझ्या सदस्यनामाचा उगम याच प्रकारात आहे. डोंबिवलीला वडिलांच्या जुन्या संगणकाला मी टीव्ही जोडला होता आणि बायोस बिघडला असे समजून कॅबिनेट उघडण्याच्या तयारीत होतो. शेजाऱ्यांचा जुना, थेट व्हीजीए असलेला मॉनिटर आणून लावताच बायोसचा निळा पडदा समोर आला. कित्येकदा तर मॉनिटर झोपेतून जागा व्हायलाच इतका वेळ घेतो की तोवर कळ दाबण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा वेळी संगणक पूर्ण बंद न करता, मॉनिटर चालू असतानाच रीस्टार्ट करावा.

नवशिकी:
मग बिनतारी कीबोर्डच्या डोंगलला यूएसबी ते पीएस/टू असे छोटे जोडतुकडे मिळतात, त्यांपैकी एक लावला तर काम होईल का?

निवृत्त_अभियंता:
बहुधा होणार नाही. तो जोडतुकडा केवळ तारा इकडून तिकडे जोडतो, संकेतांचे भाषांतर करत नाही. ज्या तारेच्या कीबोर्डमधील चिपला दोन्ही पद्धती अवगत असतात, त्याच्याच बाबतीत तो उपयोगी पडतो. बिनतारी डोंगलांना ते सहसा जमत नाही. त्यामुळे खरा पीएस/टू कीबोर्डच मिळवावा. मदरबोर्डच्या मागे गोल जांभळा पोर्ट कीबोर्डचा आणि हिरवा माऊसचा असतो.

एक सूचना महत्त्वाची आहे: यूएसबीप्रमाणे पीएस/टू चालू यंत्रात लावू नये. संगणक बंद करावा, कीबोर्ड लावावा आणि मगच सुरू करावा. चालू असताना लावलेला कीबोर्ड बहुतेक वेळा ओळखलाच जात नाही, आणि जुन्या बोर्डांवर पोर्टला इजा होण्याचीही शक्यता असते. सुरू केल्यावर नम लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. दिवा बदलला तर बायोस ऐकत आहे. पडद्यावर काही दिसत नसले तरी ही चाचणी करता येते, हा तिचा मोठा फायदा आहे.

भायखळा_जलद:
एवढे करूनही बायोसने पासवर्ड मागितला तर? आमच्या इमारतीत मागच्या कार्यकारिणीने तो घालून ठेवला होता आणि हस्तांतराच्या कागदपत्रांत किल्ल्या, शिक्के आणि पासबुके होती, पासवर्ड मात्र नव्हता.

मुलुंडवासी:
तेव्हा मात्र दुरुस्तीवाला यांचाच उपाय योग्य ठरतो. डेस्कटॉपच्या जुन्या बोर्डांवर सुपरवायझर पासवर्ड सीमॉसमध्येच असतो आणि जंपरने तो जातो. डेलच्या अनेक डेस्कटॉपांवर तर पासवर्डसाठी वेगळा जंपर असतो. लॅपटॉपांची गोष्ट निराळी आहे. अनेकांत पासवर्ड अशा चिपमध्ये असतो, जिला सेल काढल्याने काहीच फरक पडत नाही. पासवर्ड पुसण्यापूर्वी समितीच्या इतिवृत्तात नोंद करावी, नाहीतर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हाच विषय अर्धा तास खाईल.

वसईचा_वारा:
पश्चिम किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. खाऱ्या दमट हवेने सेलच्या धारकाची पत्री आणि जंपरच्या पिना हिरवट पडतात. सेल नवा घालूनही घड्याळ मागे जात असेल, तर बहुधा संपर्क नीट होत नसतो. पत्री कोरड्या कापडाने पुसून किंचित वर उचलून ठेवल्यास फरक पडतो. सेल धातूच्या चिमट्याने काढू नये.

शंकासुर यांनी मुख्य स्विचबद्दल का विचारले, तेही स्पष्ट व्हावे.

शंकासुर:
संगणक बंद असला तरी भिंतीतील स्विच चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा थोडा प्रवाह देत राहतो, आणि घड्याळ व सीमॉस त्यावर चालतात. स्विच बंद झाला की सगळा भार ३ व्होल्टच्या सेलवर येतो. रोज रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण वीज तोडणाऱ्या कार्यालयात तो सेल लवकर उतरतो. उतरला की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि मग बँकेचे संकेतस्थळ सुरक्षित नसल्याचा इशारा ब्राउझर देऊ लागतो, कारण आजच्या प्रमाणपत्राची मुदत त्या जुन्या तारखेला सुरूच झालेली नसते. अनेकांना हा इंटरनेटचा दोष वाटतो.

पार्लेकर:
सर्वांचे आभार. ग्रँट रोडला जाऊन तारेचा पीएस/टू कीबोर्ड आणला, आणि तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी त्यांचा जुना व्हीजीए मॉनिटर दिला. कॅबिनेटला हातही लावला नाही. सुरू करताच कंपनीचे चिन्ह, खाली 'प्रेस डिलीट टू एंटर सेटअप' ही ओळ, आणि डिलीट दाबताच निळा पडदा. 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' हा पर्याय शंकासुर यांनी सांगितलेल्या पानावरच 'डिसेबल्ड' होता, तो 'एनेबल्ड' केला. सर्व पानांची मोबाइलवर छायाचित्रे घेतली. घड्याळ बरोबर आहे.

आता पुढची अडचण. 'फर्स्ट बूट डिव्हाइस' मध्ये, म्हणजे संगणकाने सर्वप्रथम कोणत्या साधनावरून सुरू व्हावे या पर्यायात, यूएसबी-एचडीडी निवडले, तरी संगणक विंडोजमध्येच जातो.

दुरुस्तीवाला_ग्रँटरोड:
आमच्या गल्लीतून कीबोर्ड नेला याचा आनंद आहे. अवॉर्डमध्ये 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' अशी वेगळी यादी असते. पेनड्राइव्ह तिथे हार्ड डिस्कच्याच पंक्तीत बसतो. तो संगणक सुरू करण्याआधीच, मागच्या पोर्टमध्ये लावलेला असावा, नाहीतर यादीत येत नाही. तिथे त्याला वर न्या. काही बोर्डांवर यूएसबी-झिप हाही पर्याय असतो, पण आजच्या पेनड्राइव्हांसाठी एचडीडीच घ्यावा.

मुलुंडवासी:
आणि पेनड्राइव्ह कसा बनवला आहे तेही पाहावे. रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या कार्यक्रमात पार्टिशनची (डिस्कच्या विभागणीची) पद्धत नवी जीपीटी आणि लक्ष्य यूईएफआय असे निवडले असेल, तर जुना बायोस त्याच्यावरून सुरू होत नाही. जुनी एमबीआर पद्धत आणि बायोस असे निवडून तो पुन्हा तयार करावा.

मला मूळ प्रश्नाविषयीच एक शंका आहे. पेनड्राइव्हवरून एकदाच सुरू करायचे असेल तर बायोसमध्ये शिरून क्रम बदलण्याची गरज काय होती? कशावरून सुरू करायचे ते एकदाच विचारणाऱ्या बूट मेनूची वेगळी कळ असतेच. गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, आसुसवर एफ८. क्रम कायमचा बदलला की कार्यालयात कोणी स्वतःचा पेनड्राइव्ह विसरला, तर दुसऱ्या दिवशी संगणक त्याच्यावरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करत बसतो.

निवृत्त_अभियंता:
एका बाबतीत मतभेद आहे. बूट मेनूची कळसुद्धा कीबोर्ड ऐकू आला तरच चालते, म्हणजे पहिली पायरी चुकत नव्हतीच. शिवाय यूएसबी कीबोर्डचा पर्याय एकदा चालू करून ठेवणे पुढील कार्यकारिणीवर उपकार आहेत. क्रम मात्र काम झाल्यावर हार्ड डिस्ककडे परत न्यावा, हे मान्य.

नवशिकी:
त्यापेक्षा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर लिनक्स बसवले आणि परत लावली, तर बायोस उघडावाच लागणार नाही ना?

शंकासुर:
ताई, ही युक्ती चालते, पण दुसरा संगणक यूईएफआयचा असेल तर बसवणारा कार्यक्रम त्याच पद्धतीचा बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा कार्यक्रम) घालतो, आणि डिस्क जुन्या यंत्रात परत आली की ते यंत्र तिला ओळख दाखवत नाही. नव्या पहारेकऱ्याने जुन्या भाडेकरूला दाराशी अडवावे, तसाच प्रकार. दुसऱ्या संगणकावरही पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू करून घेतला तर जमेल, पण मग तिथला बायोस उघडावा लागेल.

चहाबाज:
म्हणजे बायोस टाळण्यासाठी बायोस. हा ठराव समितीपुढे अनुमोदनासह मांडण्यास माझी हरकत नाही.

पार्लेकर:
पेनड्राइव्ह एमबीआर पद्धतीने पुन्हा बनवला, मागच्या पोर्टमध्ये लावला, एफ१२ दाबला आणि लिनक्सचा मेनू आला. बसवण्यापूर्वी दोन शंका आहेत. विंडोज ३२ बिटांची होती, तर लिनक्सही ३२ बिटांचेच घ्यावे का? आणि पॅरलल पोर्टवरील प्रिंटर चालण्यासाठी बायोसमध्ये काही बदलावे लागेल का?

निवृत्त_अभियंता:
३२ बिटांची विंडोज होती म्हणून प्रोसेसर ३२ बिटांचा ठरत नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटांचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीने ३२ बिटांचा इन्स्टॉलर देणे बंद केले आहे, त्यामुळे ६४ बिटांचेच घ्यावे. रॅम २ जीबीच आहे, म्हणून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप निवडावा.

पॅरलल पोर्टसाठी बायोसमध्ये 'ऑनबोर्ड पॅरलल पोर्ट' हा पर्याय ३७८ आणि आयआरक्यू ७ (त्या पोर्टचा नेहमीचा पत्ता आणि संकेत-क्रमांक) असा दिसला तर त्याला हात लावू नये. लिनक्समध्ये प्रिंटर कप्स या छपाई-व्यवस्थेतून जोडला जातो, आणि तिच्यात एप्सन पद्धतीच्या ९ व २४ पिनांच्या प्रिंटरांचे ड्रायव्हर असतात. पण विंडोज पुसण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स थेट चालवून एक पावती छापून पाहावी. पावत्यांचा मराठी फाँट युनिकोडपूर्व, म्हणजे तो फाँट नसला तर मजकूर वाचता न येणारा जुन्या पद्धतीचा, असेल, तर त्याची फाइल आणि जुन्या पावत्यांचे नमुने आधीच वेगळे काढून ठेवावेत.

पार्लेकर:
फाँट युनिकोडपूर्वच आहे. फाइल काढून ठेवली. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून एक पावती छापली: अक्षरे नीट आली, डावा समास मात्र सरकला आहे. बायोसमधला क्रम हार्ड डिस्ककडे परत नेला आहे. समासाविषयी वेगळा धागा काढतो.